फोटो लाल मुनियाचा, नाव हिरवीचं

संपादक महोदय,

काल रविवारच्या पुरवणीत पान ३ वर 'हिरवी मुनिया आपल्या तळ्यावर' म्हणून जो फोटो छापलाय ती लाल मुनिया आहे हो. मादी असेल नाहीतर वीण संपलेला नर. अंग मातकट, पंखांवर बारीक पांढरे ठिपके, शेपटीच्या वर लाल डाग चक्क दिसतोय. पोट जरा पिवळट दिसलं म्हणून हिरवी केली का? हिरवीच्या बगलेला झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे असतात, एकदा बघितलेला माणूस चुकत नाही.

आणि खाली काय, तर 'मुनिया मुबलक, काळजी नको'. कुठली मुबलक? लाल पाकिस्तानपासून पार इंडोनेशियापर्यंत आहे, आमच्याकडे उसाच्या कडेला पावसाळ्यात थव्याने असते, तिचं ठीक चाललंय. हिरवी जगात फक्त भारतात, माउंट अबू नि मध्य भारतात तुकड्यातुकड्याने, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत 'असुरक्षित', कारण पिंजऱ्यासाठी पकडून पकडून वाट लावली. दोघींच्या जाती वेगळ्या, पण 'अमांडावा' ही प्रजाती (जीनस) एकच, नाव अहमदाबादवरून पडलं कारण पूर्वी तिथूनच या पिंजऱ्यात भरून परदेशी जायच्या. म्हणजे धंदा जुनाच.

माझं डोकं का फिरलं सांगतो. मुलगी चौथीत असताना तिच्या हट्टापायी बाजारातून हिरव्या मुनियांची जोडी आणली होती, विकणारा पोरांची शपथ घेऊन अस्सल म्हणत होता. दुसऱ्या दिवशी एकीने पाण्याच्या वाटीत पंख फडफडवून आंघोळ केली आणि वाटीतलं पाणी पोपटी! मुलीने पाठीवरून बोट फिरवलं तर बोट हिरवं. "बाबा, हिचा रंग जातोय." खालून निघाली आपली साधी पांढऱ्या गळ्याची मुनिया. आठवड्यात दोन्ही मेल्या, तुळशीशेजारच्या कुंडीत पुरल्या, पिंजरा अजून माळ्यावर आहे. देशी पक्षी विकणं काय, पाळणंही बेकायदा हे मला नंतर कळलं, तेव्हा गुन्हेगार मीही आहेच.

पण त्या माणसाने निदान रंग तरी लावला होता, तुम्ही नुसतं नाव लावून मोकळे!

ता. क. शब्दकोड्याची उत्तरं ३ आठवडे गायब आहेत. उभे ७ काय होतं तेवढं तरी छापा.

– एक वाचक, सातारा
(नाव छापू नये, मुलीला पिंजऱ्याचा विषय अजून चालत नाही)