भिंत दिलीत, त्याबद्दल

काकू,

सा. न. वि. वि.

‘माझं नाव कुठं छापू नगंस’ असं बजावलंत म्हणून नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. खानापूर तालुक्यातलं एक कौलारू घर, एवढंच. पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

इमारत संवर्धनावर स्वतंत्र प्रकल्प करायचा ठरवला तेव्हा जो तो मला देवळं सुचवत होता. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, हलशीचं कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंह मंदिर. तिथं बघायला आणि मापं काढायला पुष्कळ आहे. पण संरक्षित वास्तूच्या दगडाला छिन्नी लावायला विद्यार्थ्याला परवानगी मिळत नाही, आणि मिळूही नये. मला हवी होती राहत्या घरातली आजारी भिंत. अशा भिंती आपल्याकडं दर दोन घरांआड सापडतात, पण मालक हात लावू देत नाहीत. लोक चहा देतात, फोटो काढू देतात, गिलावा काढून बघू का म्हटलं की विषय बदलतात. तुम्ही मात्र माझ्याकडं बघून म्हणालात, ‘उकर की. तशी बी पडालीयाच. पण मिरगाच्या आधी बुजवून दे.’

सोप्याची ती भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. आतले सांधे मातीचे, चुना फक्त बाहेरून दरजा भरायला वापरलेला. सांध्यातला तुकडा सौम्य आम्लात टाकला तर बाहेरचा फसफसून विरघळला आणि आतला नुसताच गढूळ झाला, त्यावरून हे कळलं. या सगळ्यावर सिमेंटचा जाड गिलावा. हातोडीनं ठोकलं की पोकळ आवाज यायचा. पहिला पापुद्रा निघाला तेव्हा मागचा चिरा बोटानं खरवडता येत होता, ओल्या गुळाच्या ढेपेसारखा. वर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार.

कारण पुस्तकात सापडतं. जांभा खाणीतून ओला निघतो तेव्हा हत्यारानं सहज कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकाननच्या १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या जांभ्याचं असंच वर्णन आहे. पण हा दगड सच्छिद्र. जमिनीतलं पाणी शोषतो आणि उन्हा-वाऱ्यात सोडतो. वरून सिमेंट थापलं की त्याला सोडायला वाट उरत नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागं साठतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात, आणि ते दगडाचा पृष्ठभाग आतून फोडतात. गिलावा शाबूत दिसतो, दगडाचा भुगा होतो.

मात्र तुमच्या भिंतीचं नेमकं काय झालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते तुम्हाला ठाऊक होतं. गिलावा थोरल्या ताईच्या लग्नाच्या वर्षी केला. पुढच्याच पावसाळ्यानंतर खालच्या हातभर पट्ट्यात लोणा दिसला. पुढं समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, दोन पायऱ्यांची एक पायरी उरली, आणि ओल पार खुंटीपर्यंत चढली. तुम्हाला जोंधळ्याची कणगी हलवावी लागली, म्हणून ते वर्ष तुमच्या पक्कं लक्षात. ‘रस्ता वर आला, घर खाली बसलं’ हे तुमचं वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घातलंय. सिमेंटचा दोष किती आणि रस्त्याचा किती, हे वेगळं करायला माझ्याकडं दुसरं काहीच साधन नव्हतं. ओल मोजायचं यंत्र आजची ओल सांगतं. वीस वर्षांपूर्वीची सांगायला त्या घरात राहिलेलं माणूसच लागतं, आणि आपल्याकडच्या पाहणीत अशा माणसाला कुणी विचारत नाही. एका कंत्राटदारानं तर भिंत न बघताच फोनवर वॉटरप्रूफिंगचा दर सांगितला होता.

गवंडीमामांनाही तुम्हीच गाठून दिलंत. त्यांचं कानडी आणि माझं कानडी यांचा मेळ बसेना, तेव्हा चूल सांभाळत मधे उभं राहून दुभाष्याचं काम केलंत. कळीचा चुना पाण्यात पडल्यावर कसा उकळतो ते मी वर्गात शिकलो होतो. पण मामा ओरडले आणि तुम्ही माझी कॉलर धरून मागं ओढलंत, तेव्हा ते नीट समजलं. तो चुना झाकून मुरवला. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांचा भुगा, दोन भाग वाळू, आणि हिरडा-गुळाचं पाणी. हिरडा आपल्या जंगलातला, गूळ तुमच्या डब्यातला. ‘भिंतीला गूळ आणि मला बिनसाखरेचा चहा,’ हे तुम्ही दोनदा तरी ऐकवलंत.

गिलावा पातळ थरांत चढवला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगडासारखा होतो आणि तोवर त्याला ओलावा लागतो, म्हणून गोणपाट लावून पाणी मारायचं होतं. मी परीक्षेला गेलो तेव्हा ते तुम्ही मारलंत. तुमचे गुडघे कसे आहेत हे मला माहीत आहे, म्हणून त्याचे आभार वेगळे.

पावसाळ्यानंतरची स्थिती सगळ्यांसाठी लिहितो. अंगणाच्या बाजूला चर खणून खडी भरली, वळचणीची पन्हळ दुरुस्त केली, तिथं ओल जोत्यापर्यंत उतरली आहे. रस्त्याच्या बाजूला अजून वीतभर पट्टा ओला राहतो. तिथला गिलावा दोन-चार वर्षांनी पुन्हा करावा लागेल. त्यात वावगं काही नाही, क्षार चिऱ्याऐवजी चुन्याला खातात. पण रस्ता उतरवल्याशिवाय ती बाजू पूर्ण कोरडी होणार नाही, आणि ते माझ्या हातात नाही.

अहवालाची मराठी प्रत पोस्टानं पाठवतोय, मामांसाठी कानडी सारांश सोबत आहे. दिवाळीला रंगारी येईल तेव्हा त्या भिंतीला फक्त चुन्याची सफेदी. ऑइल पेंट नको, प्लास्टिक पेंटही नको, तो कितीही म्हणाला तरी. फारच मागं लागला तर मला फोन लावून द्या, मी बोलतो त्याच्याशी. माजघराच्या भिंतीला मात्र आता कुणी हात लावू नये. ती सुगीनंतर करू. धाकट्या वर्गातली दोन मुलं यायला तयार आहेत, गूळ आम्ही आणतो.

तुमचा,
भिंत उकरणारा पोरगा