रानडुकरासाठी चोवीस पॉवरची दुर्बीण कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटते, पाठोपाठ तूर शेंगेवर येते आणि काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत शेतकऱ्यांची जागल सुरू होते. रानडुकरांच्या नुकसानीबद्दल आपल्या पत्रात नेहमी लिहून येते. त्याच प्रश्नाची एक तांत्रिक बाजू मात्र कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती नसताना झाडलेली गोळी ही शिकार आहे आणि शिकार हा गुन्हा आहे. पुढचे सारे परवानगीपत्र आणि शस्त्रपरवाना दोन्ही हातात असलेल्यांसाठी आहे. अशा लोकांमध्ये सध्या रायफलवर ६-२४ × ५० सारख्या (पॉवर ६ ते २४, म्हणजे तितक्या पट मोठे दाखवणाऱ्या, पुढची काच ५० मिमीची) भल्यामोठ्या दुर्बिणी चढवण्याची हौस वाढते आहे. खोक्यावर ‘व्हार्मिंट’ लिहिलेले असते, दुकानदार २४ हा आकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक भुलते. आपल्या शेतासाठी ही दुर्बीण चुकीची आहे, आणि काही वेळा धोक्याचीही.

व्हार्मिंट म्हणजे अमेरिकेत पिकांची, कुरणांची नासाडी करणारे लहान प्राणी. तिथल्या मोकळ्या माळावर प्रेअरी डॉग नावाचा खारीच्या कुळातला प्राणी बिळाच्या तोंडाशी उभा राहतो. त्याची रुंदी जेमतेम ८-९ सेंमी आणि अंतर २०० ते ४०० मीटर. वेळ भर दिवसाची, रायफल टेकूवर, नेमबाज पालथा पडलेला किंवा बाकावर बसलेला. तिथे १८ किंवा २४ पॉवर योग्यच आहे. आता आपला हिशेब करून पाहा. रानडुकराच्या खांद्यामागची नेम धरायची जागा साधारण १८ सेंमीची आणि बागेत-कपाशीत अंतर फार तर ६० मीटर. म्हणजे दर मीटरमागे ३ मिमी. ३०० मीटरवरचा ९ सेंमीचा प्राणी दर मीटरमागे ०.३ मिमी भरतो. थोडक्यात, ६० मीटरवरचे डुक्कर उघड्या डोळ्यांना जेवढे दिसते, तेवढा तो प्राणी दिसायला दहा पॉवर लागते. अमेरिकन नेमबाज २० पॉवर लावतो तेव्हा आपल्याला दोन पुरते.

ज्यादा पॉवर असली तर बिघडले काय, असे कुणी विचारील. बिघडते ते दृष्टिक्षेत्र. १०० मीटरवर ३ पॉवरला सुमारे ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ९ पॉवरला ४ मीटर आणि २४ पॉवरला दीड मीटरच्या आसपास. शेतातले खरे अंतर ४० मीटर धरा. तिथे २४ पॉवरमध्ये उरतात फक्त ६० सेंमी. डुक्कर सव्वा ते दीड मीटर लांबीचे. म्हणजे दुर्बिणीत दिसतात ते नुसते राठ केस, आणि ते खांद्याचे की पुठ्ठ्याचे हे कळत नाही. त्याच्या मागे धुऱ्यावर कोण बसले आहे, पांदणीतून कुणी बैल घेऊन येते आहे का, हे तर मुळीच दिसत नाही. डुक्कर दोन पावले सरकले की नेमबाज दुर्बिणीत नुसता अंधार चाळत बसतो. पहिली गोळी ओझरती लागली तर दुसरीसाठी जनावर सापडत नाही, ते तुरीत शिरते, आणि सकाळी त्याच तुरीशेजारी कापूस वेचायला बाया येतात. जखमी डुक्कर काय करते हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

दुसरी अडचण उजेडाची. पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर केले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ४० मिमीची काच ४ पॉवरला १० मिमी देते, ९ पॉवरला ४.४. ५० मिमीची काच २४ पॉवरला जेमतेम २.१ मिमी देते. झांजड पडल्यावर माणसाची बाहुली ५ ते ७ मिमी उघडते, पन्नाशीनंतर ५ च्या आसपासच. २.१ मिमीचे वर्तुळ अशा डोळ्याला अपुरे पडते आणि चित्र काळवंडते. डुक्कर बाहेर पडते नेमके त्याच वेळी. हे तपासायला उपकरण लागत नाही. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, मागच्या काचेत पांढरा ठिपका दिसेल. पॉवर वाढवत जा, ठिपका बारीक होत जाईल. दुर्बिणीच्या ३० मिमीच्या नळीतून जास्त उजेड येतो ही दुकानातली समजूत खोटी आहे. जाड नळीने मजबुती आणि आतल्या समायोजनाला जागा मिळते, उजेड काचेवर आणि तिच्यावरच्या लेपावर ठरतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो, आणि एका दुर्बिणीत असे बरेच पृष्ठभाग असतात. म्हणून आकड्यावर पैसे घालण्यापेक्षा सर्व काचांवर बहुस्तरीय लेप असलेली कमी पॉवरची दुर्बीण घ्या. लाल चकाकणाऱ्या काचेपासून लांब राहा. ती लाल प्रकाश परत फेकते, आत येऊ देत नाही.

मग घ्यायची कोणती? संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीत मचाणावरून २० ते ६० मीटरसाठी १-४ × २४, १.५-६ × ४२ किंवा साधी स्थिर ४ × ३२. धान निघाल्यावरच्या मोकळ्या बांध्यांत, रामटेक-मौद्याकडे, १०० मीटरपर्यंत ३-९ × ४०, तीही ४ वर ठेवून. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला दुर्बिणीची गरजच नाही. बसल्यावर पॉवरची रिंग सर्वांत खाली असावी. वेळ मिळाला तर वाढवता येते, डुक्कर समोर आल्यावर खाली आणायला वेळ मिळत नाही. अंतराचा अंदाज बागेत सोपा आहे: लागवड ६ × ६ मीटरची असेल तर दहा ओळींपलीकडे ६० मीटर. त्यापुढे गोळी नको, हे झाडच सांगते.

दहा-बारा पॉवरच्या वर गेले की पॅरालॅक्सचे वेगळे चाक लागते, कारण बहुतेक दुर्बिणी कारखान्यात १०० यार्डांच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. डोळा मध्यापासून हलला की जवळच्या लक्ष्यावर क्रॉसवायर (नेम धरायची फुली) सरकलेली दिसते, हाच पॅरालॅक्स. कमी पॉवरला हा दोष नगण्य असतो. क्रॉसवायरवर खालच्या खुणा असतील तर त्या कोणत्या पॉवरला खऱ्या आहेत ते माहितीपत्रकात पाहून घ्या. रिंग फिरवताना क्रॉसवायर लहानमोठी होत नसेल तर त्या खुणा एकाच पॉवरला, बहुधा सर्वांत वरच्या, बरोबर असतात. उजळणारी क्रॉसवायर अंधारात अगदी मंद ठेवा, नाहीतर तिच्याच उजेडाने बाहुली आकसते.

बसवण्यातल्या चुका तर निवडीपेक्षा जास्त घात करतात. जुन्या .३१५ बोअरच्या रायफलवर माउंटची, म्हणजे दुर्बीण बसवायच्या बैठकीची, सोय नसते. भोके पाडण्याचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडूनच करून घ्या. बोल्ट पूर्ण मागे-वर होताना दुर्बिणीला घासत नाही हे आधी पाहा. डोळा आणि मागची काच यांत ८-९ सेंमी अंतर राहू द्या. पॉवर वाढवली की बऱ्याच दुर्बिणींत हे अंतर कमी होते, नेमबाज नकळत पुढे सरकतो आणि धक्क्याने भुवई फुटते. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू सुमारे २ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा. जास्त आवळले की दुर्बिणीची नळी दबते आणि पॉवरची रिंग जड फिरू लागते.

झीरो करताना, म्हणजे गोळी आणि क्रॉसवायर एका ठिकाणी जुळवताना, आधी २५ मीटर, मग ५०. पाव मिनिटाचा (मिनिट हे इथे कोनाचे माप) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिमी सरकवतो, २५ मीटरवर २ मिमीहून कमी. त्यामुळे तिथे ५ सेंमीची चूक काढायला जवळपास २८ क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून ‘दुर्बीण खराब आहे’ असे ठरवू नका. दुर्बीण रायफलच्या नळीपेक्षा साडेचार सेंमी वर बसते, म्हणून ५० मीटरवर झीरो केलेली रायफल १० मीटरवर तीन-साडेतीन सेंमी खाली मारते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी आठच्या आत उरका. नंतर तापलेल्या जमिनीवरच्या लहरी लक्ष्य नाचवतात, आणि जितकी पॉवर जास्त तितका तो नाच मोठा दिसतो.

रायफलच्या दुर्बिणीतून शेत न्याहाळू नका, हे वेगळे सांगावे लागते कारण ते सर्रास चालते. जिथे दुर्बीण तिथे रायफलची नळी, आणि समोरची काळी आकृती गुराखी असू शकते, कुणाचे वासरू असू शकते. शोधायला ८ × ४२ ची हातातली दुर्बीण गळ्यात ठेवा.

वन विभागाचे राज्य मुख्यालय नागपुरातच आहे, म्हणून एक मागणी इथूनच करतो. परवानगीपत्र देण्याआधी अर्जदाराने त्याच रायफलीने, त्याच दुर्बिणीने, अधिकृत रेंजवर ५० मीटरवरून तीन गोळ्या १० सेंमीच्या वर्तुळात मारून दाखवाव्यात आणि तो कागद अर्जाला जोडावा. दुर्बीण बदलली की कागद नवा.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, नागपूर