मनाच्या गोळ्यांबद्दल कोणी सांगेल का?

संपादक महोदय,
माझ्या धाकट्या भावाला नैराश्यासाठी गोळी सुरू झाली. आठवडाभरात गुण नाही म्हणून आईने ती बंद करायला लावली. या औषधांचा परिणाम दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होऊ शकते, हे चिठ्ठी देताना कोणी सांगितलेच नव्हते. पुन्हा सुरू केल्यावर बरे वाटले, तेव्हा सवय लागेल या भीतीने त्याने एकदम सोडली. चक्कर, बेचैनी, रात्र रात्र जागरण! सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या, घबराट कमी करणाऱ्या गोळ्यांची. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे तसे व्यसन लागत नाही, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्या लागतात. एवढे आधी कळले असते तर त्या पोराचे हाल टळले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. सोलापुरातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती, चिठ्ठीसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये साधे माहितीपत्रक द्या. आमच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत तिन्ही लागतात. तोवर शंका असणाऱ्यांनी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

– एक वाचक, सोलापूर