'ऑलदो' लिहिलं म्हणून शून्य गुण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले. परवा शेजारची दहावीतली मुलगी शाळेच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली. 'लिव्हिंग इन पुणे, ही हॅज नेव्हर सीन शनिवारवाडा' हे वाक्य गौणवाक्य, म्हणजे मुख्य वाक्याला जोडलेलं, स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेलं छोटं वाक्य, वापरून लिहायचं होतं. तिनं 'ऑलदो ही लिव्हज इन पुणे' लिहिलं. उत्तरसूचीत 'ॲज' होतं, म्हणून शून्य. पुण्यात राहतो म्हणून शनिवारवाडा पाहिला नाही? वाक्य वाचून तरी बघायचं!

'आयएनजी आलं की ॲज घाला' असं मुलांकडून घोकून घेतलं जातं. 'बीइंग टायर्ड', 'नोइंग मराठी' अशा ठिकाणी बहुधा कारण असतं, हे खरं. पण 'ओपनिंग द डोअर, शी वेन्ट आउट' यात कारण कुठलं? तिथे नुसता क्रम आहे. धातुसाधितात, म्हणजे 'लिव्हिंग', 'ओपनिंग' अशा क्रियापदापासून बनलेल्या रूपात, दोन क्रियांचा संबंध शब्दांत सांगितलेलाच नसतो, वाचणारा तो संदर्भावरून लावतो. 'बिकॉज', 'व्हेन', 'ऑलदो' यांपैकी एक घातलं की लिहिणारा त्या एका अर्थाला बांधला जातो. तो कोणता, हे वाक्याचा अर्थ बघूनच ठरवावं लागतं.

मराठी मुलांना हे घरातूनच येत असतं. 'आंघोळ करून जेवला' यात क्रम, 'भिजून आजारी पडला' यात कारण, 'रडून काय होणार' यात अट आणि 'पुण्यात राहून शनिवारवाडा पाहिला नाही' यात विरोध. प्रत्यय एकच, 'ऊन'. 'राहूनही' म्हटलं की विरोध उघड होतो, तेच काम 'ऑलदो' करतं. वर्गात ही चार वाक्यं फळ्यावर लिहिली तरी मुलांना उमगतं, हा माझा अनुभव आहे.

मराठी मुलं अडखळतात ती 'ताना'पाशी. 'लक्ष्मी रस्त्यानं चालताना पाऊस आला' हे मराठीत बिनचूक. इंग्रजीत 'वॉकिंग डाउन लक्ष्मी रोड, द रेन स्टार्टेड' लिहिलं, तर चालणारा पाऊस ठरतो. तिथे 'व्हाइल आय वॉज वॉकिंग' हवं, कारण गौणवाक्य आपला कर्ता सोबत आणतं. हे मात्र पुन्हा पुन्हा शिकवायला हवं.

पेपर काढणाऱ्यांना विनंती, की कोणता संबंध अपेक्षित आहे ते प्रश्नातच लिहावं, नाहीतर अर्थात बसणारं प्रत्येक उत्तर बरोबर धरावं. ती मुलगी विचारत होती, "आजी, बाईंना सांगू का?" मी तिला पेपर घेऊन उद्याच जायला सांगितलं आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे