नोकरी गेल्यावरच दाद मिळणार का?

मा. संपादक,
स. न.

संस्थाचालकांच्या मर्जीतून उतरलेल्या शिक्षकाचे काय होते, हे बीड-लातूरकडच्या अनुदानित शाळांच्या कार्यालयात नोकरी काढलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. सकाळी सही करायला जावे तर मस्टर कपाटात, चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक ‘येतीलच एवढ्यात’. दुपारी हातात उशिरा आल्याचा मेमो. पुढे वेतनवाढ अडते, सेवापुस्तक सापडेनासे होते. शिवी नाही, मारहाण नाही. कागद मात्र सगळे नियमात.

याने जायचे कुठे? 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील होते, पण बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती झाली किंवा पदोन्नतीत डावलले तरच. म्हणजे आधी नोकरी जाऊ द्या, मग या! 2013 च्या कायद्यातल्या समित्या महिलांच्या लैंगिक छळापुरत्या. वाळूजच्या कामगाराला निदान आकसाने झालेल्या बदलीविरुद्ध 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याचा आधार आहे.

माणसाने जीव दिला की मग पोलीस येतात. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या आत्महत्येनंतर वरिष्ठावर नोंदलेला प्रवृत्त केल्याचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला. जादा काम दिले, पगार रोखला, एवढ्यावरून गुन्हेगारी हेतू दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. फौजदारी कलम लावायचे तर हेतू दिसायलाच हवा, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती, त्याआधी कुठलीच पायरी नाही याबद्दल.

फ्रान्समध्ये 2002 पासून नोकरीतला मानसिक छळ हा गुन्हा आहे. फ्रान्स टेलिकॉमच्या बड्या अधिकाऱ्यांना त्याखाली 2019 मध्ये शिक्षाही झाली. पण मला महत्त्वाची वाटते ती तिथल्या कामगार न्यायालयातली रीत. कर्मचाऱ्याने छळाचा संशय यावा अशा घटना पुढे ठेवायच्या. तो छळ नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचे. आपल्याकडे हे आले तर कपाटाला कुलूप का होते, याचे उत्तर शिक्षकाऐवजी मुख्याध्यापकांना द्यावे लागेल.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहेच. त्याच धर्तीवर, नोकरीत असतानाच स्त्री-पुरुष कुणालाही जाता येईल अशी समिती राज्याने कायद्याने नेमावी. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवण्याची अट तेवढी तिथे घालू नये.

— एक निवृत्त मुख्य लिपिक, अंबाजोगाई