दागिन्याला नंबर आहे, घडवणाऱ्याला नाही : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय यांस,
स. न. वि. वि.

साहेब, एक काम करा. घरात अलीकडे घेतलेला कुठलाही सोन्याचा दागिना घ्या, त्यावर भिंगातून दिसेल असा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर असेल, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कुठल्या सराफाने हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का करून घेतला, त्याचा रजिस्ट्रेशन नंबर, तपासणी कुठल्या सेंटरवर झाली, दागिना कुठल्या प्रकारचा, सोनं किती कॅरेट, सगळं भराभर समोर येतं. सोय चांगली आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांना करून दाखवतो. फक्त त्या सगळ्यात हा दागिना घडवला कोणी आणि कसा घडवला, हे कुठेच नाही. हाताने घडवलाय का ओतून काढलाय, त्याचाही पत्ता नाही. सोन्याची जन्मपत्रिका निघते आणि घडवणाऱ्याच्या नावाचा रकानाच नाही, असं झालंय.

मी सोनार कारागीर आहे. माझी पेढी नाही. सराफ सोनं तोलून देतात, मी दागिना घडवून तोलून परत करतो, तूट किती धरायची ते आधी ठरलेलं असतं आणि मजुरी मिळते. अशीच कामं करणारे हजारो लोक आहेत, झवेरी बाजारात बंगालहून आलेली पोरं आहेत, कोल्हापूरकडच्या हुपरीला चांदीच्या कामात अख्खी घरंच्या घरं आहेत. आम्ही हॉलमार्कच्या विरोधात अजिबात नाही हे आधीच सांगतो, कारण कारागिराने पत्र लिहिलं की लोकांना वाटतं हा सक्तीविरुद्ध रडणार. उलट १६ जून २०२१ ला सक्ती सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय दुकानातून दागिना विकता येत नाही असं झालं, याचा आम्हाला फायदाच झाला. पूर्वी कस कमी निघाला की पहिलं बोट कारागिराकडे जायचं, त्यानेच भेसळ केली असणार म्हणून. आता मशीन सांगतं काय ते.

पण शुद्धतेचा प्रश्न सुटला तसा दुसरा उभा राहिला, आणि तो तुमच्याच खात्यातला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आज दागिना दोन तऱ्हेने बनतो. एक म्हणजे कॉम्प्युटरवर कॅडमध्ये डिझाइन काढायचं, थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचं किंवा मेणाचं मॉडेल छापायचं, अशी मॉडेलं एका दांड्यावर झाडासारखी चिकटवायची, भोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. एका वेळी ढीगभर अंगठ्या निघतात, सगळ्या जुळ्या. अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीचा माल मोठ्या प्रमाणावर असाच बनतो आणि त्यात काही वाईट नाही, तेही कसबाचंच काम आहे, कॅडवाला पोरगा डोळे फोडून बसतो तेव्हा कुठे खड्याचं घर बरोबर येतं. मीसुद्धा गिऱ्हाइकाला जोडीतल्या दोन्ही कुड्या तंतोतंत सारख्या पाहिजे असल्या की कॅडवाल्याकडे पाठवतो.

दुसरी तऱ्हा हाताची. साधी साखळी घ्या. मुशीत सोनं वितळवून कांब ओतायची, ती ठोकून बारीक करायची आणि मग जंतरातून ओढायची. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी, तिला उतरत्या मापाची भोकं. थोडी भोकं ओढून झाली की सोनं ताठ होतं, परत तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर तार मधेच तुटते आणि तुटली की तुमच्या नशिबाने जिथे सांधा नको तिथेच तुटते. पाहिजे तेवढी बारीक झाली की सळईवर गुंडाळायची, करवतीने उभी चिरायची, कड्या सुट्या होतात. मग एकात एक गुंतवत जायचं आणि प्रत्येक कडीच्या तोंडाला टाकणखार लावून डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या लवकर वितळणाऱ्या धातूचा कण ठेवायचा. ज्योत लावली की टाकणखार आधी फुगतो, पांढरा होतो, मग काचेसारखा पातळ होऊन पसरतो, आणि त्याच्यामागून डाख एकदम चमकून सांध्यात ओढला जातो. ती चमक दिसली रे दिसली की ज्योत बाजूला घ्यायची. डोळ्याचं पातं लवलं तर डाखाबरोबर कडीपण वितळते आणि हातात राहतो गोळा. हे प्रत्येक कडीला. यूट्यूबवर बघून येत नाही हे, वर्षं जातात, आणि आलं तरी उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून बसावं लागतं कारण वाऱ्याने ज्योत हलते.

आता ही हाताची साखळी आणि मशीनची साखळी दोन्ही त्याच ट्रेमध्ये, दोन्हीवर ९१६ चा, म्हणजे २२ कॅरेटचा शिक्का, दोन्हीचा एचयूआयडी ओके. गिऱ्हाईक विचारतं घडणावळ हिची जास्त का? सेल्समनला पण माहीत नसतं. आणि ऑनलाइन तर विचारूच नका, ज्याला त्याला ‘हँडमेड’ म्हणून विकायचंय. ओतून काढलेल्या पीसला शेवटी हाताने पॉलिश मारलं की झालं हँडमेड. सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून लोक वजनावर कात्री लावतात आणि मग घडणावळीवर, त्यात हाताच्या कामाला जास्त पैसे का द्यायचे हे सांगणारी एकही सरकारी ओळ गिऱ्हाइकासमोर नसते. वरून मोबाइलवर एआयने बनवलेले फोटो घेऊन येतात, परवा एका नथीच्या फोटोत मोती चक्क हवेत होते, तार कुठून गेली तेच दिसत नव्हतं, मी म्हटलं ताई हे कॉम्प्युटरला जमतं, मला मोत्याच्या भोकातून तार घालावी लागते.

तर ‘हँडमेड’ कशाला म्हणायचं हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे ना? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दागिन्यांच्या धंद्यासाठी गाइड्स काढलेत, त्यात हे सरळ लिहिलंय. पत्रा किंवा तार मशीनची चालेल, पण तिथून पुढे दागिन्याला आकार देणं, जोडणं, फिनिशिंग, हे सगळं हाताने आणि कारागिराच्या हाताच्या ताब्यात असलेल्या पद्धतीनेच झालं असेल तरच त्याला हाताने घडवलेला म्हणा, नाहीतर ती ग्राहकाची दिशाभूल. कॅडवर बंदी नाही की मशीनवर टॅक्स नाही, नुसतं जे आहे ते सांगा. आणि इंग्लंडात १३६३ मध्येच कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराला स्वतःची खूण ठेवायला लावली होती, माल कोणाचा ते कळावं म्हणून. आपल्याकडे आता लेझर मशीन आहे, डेटाबेस आहे, ॲप आहे. मला वाटतं जमायला हरकत नाही.

माझं मागणं तेवढंच आहे. एचयूआयडीच्या रेकॉर्डमध्ये दोन रकाने वाढवा. एकात घडण कशी आहे ते, हाताची, ओतीव, मशीनची की मिश्र. दुसऱ्यात कारागिराचा ओळख नंबर, त्याची संमती असेल तर. दागिन्यावर एक अक्षरही जादा कोरायचं नाही (तशी जागाच नसते, नाजूक कामात सहा अक्षरं बसवतानाच सेंटरवाल्यांची तारांबळ उडते), फक्त ॲपमध्ये दिसू दे.

आणि कारागिरांना नंबर देण्यासाठी तुम्हाला नवीन काही करायचंच नाहीये, कारण ते काम तुमच्या शेजारच्या मंत्रालयाने केलंय. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत सोनार आहे. नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडलं की २ लाखांचं कर्ज. डिजिटल व्यवहार केला की दर व्यवहारामागे १ रुपयासुद्धा मिळतो, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, हसू नका, चहाचे पैसे निघतात. म्हणजे एका मंत्रालयाकडे कारागिराची डिजिटल ओळख आहे आणि तुमच्या मंत्रालयाकडे दागिन्याची, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख नाही. तुमच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कवर काम करणाऱ्या कारागिराला बीआयएसच्या रजिस्ट्रेशनची गरज नाही, ती सूट चांगल्या हेतूने दिली असणार, कागदपत्रांचा ताप नको म्हणून, पण तिचा परिणाम असा की तुमच्या पूर्ण सिस्टिममध्ये आम्ही नाहीच.

विश्वकर्माच्या नोंदणीवरून आठवलं ते सांगतो, कारण सिस्टिम करणाऱ्यांना हे माहीत नसतं. नोंदणी आधारच्या बायोमेट्रिकवर होते. मी एका सेवा केंद्रावर गेलो तर अंगठा लागेना. पुसून लावला, ओला करून लावला, दुसरी बोटं लावली. कानस, पॉलिशचा कागद, तेजाब, यात वर्षानुवर्षं बोटं घासली की रेषा राहत नाहीत, अंगठा काचेसारखा गुळगुळीत होतो. तिथला मुलगा म्हणाला, काका नाही होणार, मशीन घेत नाही. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे, त्या केंद्रावर तिचं यंत्र नव्हतं, विषय संपला. ज्या योजनेचं सगळं हातावर, तिच्या दारात हातच चालला नाही. तेव्हा कारागिरासाठी काहीही करा, पहिल्या दिवसापासून चेहऱ्याचा किंवा ओटीपीचा पर्याय ठेवा.

आता तुमचे अधिकारी काय म्हणतील तेपण मला माहितीये. पहिलं, हाताचं आहे हे तपासणार कोण? सेंटरवाल्याने तपासायची गरज नाही, माल पाठवणाऱ्याने लिहून द्यायचं आणि खोटं निघालं तर दंड, कस खोटा निघाल्यावर होतो तसा. आणि वाद झालाच तर जाणकाराला भिंगाखाली बऱ्याचदा कळतं. ओतीव कामात सुईच्या टोकाएवढी छिद्रं सापडतात, आणि एकाच साच्याचे नग शेजारी ठेवले तर मूळ मॉडेलमधला खड्डा प्रत्येकावर त्याच जागी असतो. हाताच्या कामात डाखाचे सांधे असतात आणि दोन कड्या कधी हुबेहूब सारख्या नसतात. मधलं काम पुष्कळ आहे हे मान्य, ओतीव फुलाला हाताची तार जोडलेली वगैरे, त्यासाठीच ‘मिश्र’ म्हटलं. व्याख्या करताना दोन कारागीर खोलीत बसवा, अर्ध्या दिवसात होईल.

दुसरं, सराफांना हे आवडणार नाही. बरोबर आहे, नाहीच आवडणार. गिऱ्हाइकाला कारागीर कळला तर ते उद्या थेट त्याच्याकडे जाईल ही भीती. म्हणूनच मी नाव-फोन मागत नाहीये, नंबर मागतोय. नंबरावरून गिऱ्हाईक कुठे जाणार? पण वीस वर्षांनी कर्ज मागायला गेलेला कारागीर बँकेला दाखवू शकेल की बाबा हे एवढे नग माझ्या नंबरवर आहेत. आज त्याच्याकडे दाखवायला काही नसतं, काम सगळं लोकांच्या गळ्यात.

तिसरी अडचण तुमचे अधिकारी सांगणार नाहीत, मीच सांगतो. आमचेच लोक घाबरतील. सरकारने सोनाराची नोंद ठेवली की घरातली म्हातारी माणसं कान टवकारतात, १९६३ विसरलेलं नाही कोणी, सोने नियंत्रणात १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि एका फटक्यात शेगड्या थंड पडल्या, माणसांनी जीव दिले. पुढे १९६८ च्या कायद्यात सोनाराने किती सोनं बाळगायचं यालाही मर्यादा, तो कायदा १९९० ला गेला. त्यात चोरीचं सोनं घेतलं म्हणून पोलीस कधी दारात येतील ही धास्ती आजही आहेच. म्हणून संमतीचा शब्द मी मुद्दाम घातलाय, आणि हा नंबर फक्त घडणीच्या श्रेयासाठी आहे, दुसऱ्या कुठल्या चौकशीसाठी वापरणार नाही, हे नियमातच छापलेलं पाहिजे. तोंडी सांगून उपयोग नाही.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर चांदीपासून करा. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी आला पण अजून ऐच्छिक आहे, सक्ती नाही, म्हणजे रेकॉर्डचा साचा अजून ओला आहे. आत्ता दोन रकाने घातले तर कोणाचं काही मोडत नाही. हुपरीसारख्या एखाद्या गावात सहा महिने चालवून बघा, जमलं तर सोन्याला लावा.

आणि मसुदा काढलात, हरकती-सूचना मागवल्यात, तर तो नुसता इंग्रजीत वेबसाइटच्या कोपऱ्यात टाकू नका. मराठीत, बंगालीत, गुजरातीत काढा आणि मुदत सणासुदीच्या सीझनमध्ये ठेवू नका, तेव्हा आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. या पत्राची एक प्रत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयालाही पाठवतोय, त्यांच्याकडून फोन आला तर कृपया उचला.

कळावे,
आपला,
एक सोनार कारागीर