नागपूरच्या महाल भागातल्या सतारवाल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानले असते, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही चहा सांगितला असता आणि विषय तिथंच संपला असता. शिवाय थाट म्हणजे काय हे तुम्ही जसं दाखवलंत ते गाणं-वाजवणं शिकणाऱ्या इतर पोरांच्याही कामाचं आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या मुलीला थाटाची व्याख्या तोंडपाठ होती. बारा स्वरांतून क्रमाने घेतलेले सात स्वर, ज्यांतून राग निर्माण होऊ शकतात, ते म्हणजे थाट. बिलावल ते तोडी दहा नावंही एका दमात. तार बदलायला आलो तेव्हा तिनं तुम्हाला विचारलं, ‘आजोबा, पण याला थाट का म्हणतात? लग्न थाटात करतात, तो थाट का?’

तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. दुरुस्तीला आलेली एक जुनी सतार मांडीवर घेतलीत, बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेवर शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवलंत. ‘हा बिलावल.’ मग रिषभाचा, म्हणजे ‘रे’चा पितळी पडदा (दांडीवरची आडवी कमान) अंगठ्यानं खुंट्यांच्या बाजूला जरासा सरकवलात. दांडीमागं बांधलेला दोरा किंचित करकरला. तसाच धैवताचा, म्हणजे ‘ध’चा पडदा. दोन्ही स्वर उतरून कोमल झाले. पुन्हा तेच सप्तक वाजवलंत आणि भैरव निघाला! ‘पडदे असे मांडले, की झाला थाट.’

पोरगी बघतच राहिली. मीही. सतारियांच्या बोलीत पडद्यांच्या मांडणीलाच थाट म्हणतात. राग बदलला की पडदे सरकवायचे, तो चल थाट. जास्तीचे पडदे बांधून ठेवले की सरकवायची गरजच नको, तो अचल थाट. आपण दुकान थाटतो, संसार थाटतो, त्यातलं थाटणंही मांडणीचंच की. लग्नाचा थाट म्हणजे त्याच मांडणीला चढलेला डौल, असं मी तिला सांगितलं आणि ती खूश झाली.

घरी आल्यावर पुस्तकं काढली. ही दहा थाटांची मांडणी करणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) पेशानं वकील, आणि तरुणपणी सतार शिकलेले. त्यांच्या आधी उत्तरेत रागांची कुटुंबं मानायचे: राग, त्यांच्या रागिण्या, वर पुत्र. कोण कुणाची रागिणी, यावर दोन मतांचं जुळायचं नाही. दक्षिणेत व्यंकटमखींनी 17व्या शतकातच 72 मेलांचं (मेल म्हणजे तिकडचे थाटच) गणित मांडलं होतं. भातखंड्यांनी कुटुंबं बाजूला ठेवली आणि चालू रागांसाठी दहाच थाट घेतले. थाट ही नुसती वर्गवारी, त्यामुळे तो कुणी गात नाही, गायचा तो राग. थाटाला आरोह पुरतो, रंजकतेची अट नाही.

दहांत सगळं मावतं असं मात्र मला वाटत नाही. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात. अहिर भैरव रागाला रिषभ-निषाद (‘रे’ आणि ‘नी’) कोमल, धैवत शुद्ध. असा थाट दहांत नाहीच, म्हणून त्याला भैरवात बसवतात. त्याच दिवशी दुकानात हे बोलले, तेव्हा तुम्ही मिशीत हसलात आणि धैवत परत जागेवर आणून निषाद खाली घेतलात. पुस्तकात अडलेलं काम तुमच्या अंगठ्यानं चुटकीसरशी केलं. परीक्षेपुरते दहा ठीक, पण मुलांना आधी हा अंगठा दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

परवा वसंतराव देशपांडे सभागृहात दुसरा राग सुरू करण्याआधी सतारवादक खाली मान घालून पडदे सरकवत होते. शेजारच्या बाई ‘अजून जुळवताहेतच का’ म्हणाल्या, तर आमच्या कन्येनं त्यांना तिथल्या तिथं सगळा थाट समजावून सांगितला.

तुम्ही त्या दिवशी फक्त तारेचे पैसे घेतलेत. तान्हा पोळा झाला की सतार घेऊन येतो. जवारी (तारा टेकतात तो घोडीचा माथा) फार खुली वाजते आहे, आवाज फार झणझणतो, थोडी बंद करून द्याल. आणि या खेपेला मजुरी घ्यायची, काकाजी.

तुमची,
सतार शिकणाऱ्या पोरीची आई